ठासणीच्या बंदुकीचे कारागीर

कोकणातल्या डोंगराळ गावांत रानडुकरांपासून आणि वानरांपासून पिकाचे रक्षण करण्याकरिता सरकारी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या शस्त्राची प्रकृती निराळी सांगावयास नको. नळीच्या तोंडातून दारू ओतावी, तीवर गोळी किंवा छरे गजाने ठासून बसवावेत, कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाजवळच्या छिद्राशी, ठिणगी पोहोचवावी, आणि बार उडाला की हा सारा विधी पुन्हा आरंभापासून करावा. आपल्याकडे ही बंदूक शेतकऱ्याच्या गरजेची वस्तू म्हणून उरली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तिच्याच कुळातील एक थोर शस्त्र, अठराव्या शतकातील लांब नळीची रायफल, आपल्या हातांनी आणि शक्य तितक्या जुन्या रीतीने घडविण्याचा छंद गेली कित्येक दशके निष्ठेने जोपासला जात आहे. निरनिराळ्या पेशांतील माणसे, ज्यांना शिकारीची किंवा युद्धाची कसलीही निकड नाही अशी माणसे, एका दस्त्याच्या कोरणीवर आपल्या सुट्टीच्या दिवसांमागून दिवस का खर्च करतात, याचे उत्तर त्या रायफलीच्या जन्मकथेत आणि तिच्या घडणीत आहे.

जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांतून पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झालेल्या कारागिरांनी आपल्याबरोबर मध्य युरोपातील शिकारी रायफल आणली होती. ती नळीने आखूड, तोंडाने रुंद आणि वजनाने भारी असे. नव्या भूमीतील गर्द अरण्यांत महिनोन्‌महिने भटकणाऱ्या शिकाऱ्याला दारू आणि शिसे पाठीवर वाहून न्यावे लागे, आणि ते संपले तर जवळपास कोठे दुकान नसे. त्यामुळे लँकेस्टर, रेडिंग, यॉर्क आदी गावांतील कारखान्यांत हळूहळू तिचे रूप पालटत गेले. नळी साडेतीन-पावणेचार फुटांपर्यंत लांबली, तिचे तोंड अरुंद झाले, आणि जेथे एक पौंड शिशातून वीसेक गोळ्या निघत तेथे पन्नासेक गोळ्या निघू लागल्या. जर्मनीत जन्मलेला आणि लँकेस्टरला नावारूपास आलेला जेकब डिकर्ट हा या कारागिरांतील एक अग्रणी होय. पुढे १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत केंटकीच्या शिकाऱ्यांनी गाजविलेल्या पराक्रमाचे पोवाडे झाले आणि पेनसिल्व्हेनियाच्या या लेकीला लोक ‘केंटकी रायफल’ म्हणू लागले.

एक बंदूक घडविणे म्हणजे त्या काळी अनेक धंद्यांचे ज्ञान एका छपराखाली आणणे होते. आणि माझ्या मते या छंदाचे सारे आकर्षण याच एका गोष्टीत साठलेले आहे. नळी हे लोहाराचे काम. लोखंडाची लांब चपटी पट्टी भट्टीत शुभ्र तापवावयाची, एका सळईभोवती थोडी थोडी वळवावयाची आणि कडेला कड घणाने ठोकून एकजीव करावयाची. मग बरम्यांमागून बरमे फिरवून तिचे पोट गुळगुळीत करावयाचे, आणि नळीतून ताणलेल्या दोऱ्याच्या आधाराने डोळा लावून तिचा बाक शोधून काढावयाचा. यानंतर येते ते मळसूत्री खाचा पाडण्याचे काम, ज्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि ज्यांच्यामुळे रायफल ही साध्या बंदुकीहून श्रेष्ठ ठरली. त्याकरिता एका जाड लाकडी दंडगोलावर आधीच पेचदार खोबणी कोरलेली असते. तो दंडगोल पुढेमागे ओढला की त्याच्या टोकाच्या गजात बसविलेला पोलादाचा इवलासा दात नळीच्या आत तोच पेच गिरवितो. एका खेपेत लोखंडाचा केवळ केसाएवढा कीस निघतो; दाताखाली कागदाचा एकेक कपटा सारीत तो दात कणाकणाने उचलावयाचा, आणि अशा सात किंवा आठ खाचा समान खोलीच्या होईपर्यंत ही येरझार चालू ठेवावयाची. ज्या काळी यंत्राने अचूक मोजमाप करण्याची साधने कारखान्यात नव्हती, त्या काळी एका कागदाच्या जाडीला मोजमापाचे काम करावयास लावणाऱ्या बुद्धीपुढे मला नतमस्तक व्हावेसे वाटते.

गोळी नळीच्या तोंडाहून किंचित लहान असते. तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ती आत ठासतात. कापड खाचांत घट्ट बसते, गोळीला पेचाची गती देते आणि बाहेर पडताच गळून जाते.

कळ हे घड्याळजीच्या तोडीचे काम. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड धरलेला असतो. चाप ओढताच तो समोरच्या पोलादी पात्यावर आपटतो, पाते पुढे उलटून रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी उघडी पडते, ठिणग्या रंजकावर पडतात आणि कानावाटे आग आतल्या दारूपर्यंत जाते. हे सर्व निमिषार्धात घडावे यासाठी प्रत्येक कमान नेमक्या पाण्याची हवी. कठीण राहिली तर ती मोडते, मऊ झाली तर तिचा जोर जातो. ज्या पात्यातून ठिणगी निघावयाची त्याचा पृष्ठभाग पुरेसा कठीण नसेल, तर घोडा कितीही जोराने पडला तरी सारे व्यर्थ. जुने कारागीर लोखंडाचे सुटे भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात बंद करून तापवीत आणि एकदम पाण्यात बुडवीत. कोळशाचा अंश लोखंडाच्या कातडीत शिरून वरचा थर पोलादासारखा टणक होई आणि गाभा चिवट राही. धातुशास्त्राची परिभाषा त्यांना ठाऊक नव्हती, तथापि तापलेल्या लोखंडाचा पिवळा, जांभळा, निळा रंग पाहून ते त्याची अवस्था अचूक ओळखीत.

दस्ता बनविताना तोच माणूस सुतार होतो आणि मूर्तिकारही होतो. मेपल वृक्षाचे, ज्याच्या अंगात पाण्यासारख्या आडव्या लहरी उमटलेल्या असतात असे लाकूड या कामी पसंत केले जाते. ते दिसावयास जितके देखणे तितकेच पटाशीखाली हट्टी. लहर जेथे वळते तेथे कपचा निघतो, म्हणून हत्याराला वारंवार धार लावावी लागते. नळी आणि कळ लाकडात बसविण्याची रीत अशी की धातूला काजळ फासावयाचे, तो लाकडावर दाबावयाचा आणि जेथे काळा डाग उठेल तेथलाच कण खरवडून काढावयाचा. पुन्हा काजळ, पुन्हा डाग, पुन्हा खरवडणे. अखेरीस लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये नखही शिरू नये. नवशिक्याची परीक्षा येथे होते, कारण भरभर काढलेले लाकूड परत लावता येत नाही. मग नत्राम्लात लोखंड विरघळवून केलेला द्राव लावून लाकूड उष्णतेने तपकिरी करतात, लहरी उठून दिसू लागतात, आणि त्यावर जवसाच्या तेलाचे हात देतात. दस्त्याच्या उजव्या अंगाला तेल लावलेली कापडे ठेवण्यासाठी एक कप्पा असतो; त्याचे पितळी झाकण, त्यावरील नक्षी आणि गालाजवळची वेलबुट्टी यांवरून जाणकार मनुष्य ती रायफल कोणत्या खोऱ्यातील, पुष्कळदा कोणत्या कारागिराच्या हातची, हेही सांगू शकतो.

हे ज्ञान लोपण्याच्या अगदी काठावर आले होते. कारखान्यांतील यंत्रे आणि काडतुसे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठासणीच्या शस्त्रांना निकालात काढले, आणि अ‍ॅपलेशियन पर्वतराजीतील काही खोऱ्यांपुरतीच ही विद्या बाप-लेकांच्या परंपरेने टिकून राहिली. १९२४ मध्ये जॉन डिलिन याने या रायफलीवर ग्रंथ लिहिला. १९३३ मध्ये ठासणीच्या रायफलींच्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जिचे नेमबाजीचे मेळे इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या लहानशा गावी भरत आले आहेत. आणि १९६० मध्ये यॉर्कचे जुन्या वस्तूंचे व्यापारी जो किंडिग यांचा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु पुस्तकाने हात शिकत नाहीत. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातील शहर जेथे जसेच्या तसे पुन्हा उभे करण्यात आले आहे, तेथील बंदूकसाजाच्या कारखान्यात वॉलेस गसलर या तरुण कारागिराने पट्टीपासून नळी आणि ओंडक्यापासून दस्ता अशी संपूर्ण रायफल जुन्या पद्धतीने सिद्ध केली. त्या कामाचा चित्रपट साठीच्या दशकाच्या अखेरीस तयार झाला, आणि ज्यांनी या छंदाला वाहून घेतले त्यांतील कित्येकांना पहिली प्रेरणा त्यातूनच मिळाली. केंटकीच्या हर्शल हाऊस यांच्यासारख्या कारागिरांनी पुढच्या पिढीला आपल्या भट्टीशी उभे करून शिकविले.

बहुतेक हौशी लोक आज तयार नळी आणि तयार कळ विकत घेतात व दस्ता, पितळकाम आणि जुळणी स्वतः करतात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जुन्या काळीही कळा इंग्लंडहून आणि जर्मनीहून पेटाऱ्यांतून येत असत, आणि कुशल बंदूकसाज त्या निःसंकोच वापरीत असत. उणेपणा असेल तर तो घाई करण्यात आहे. पहिलीच रायफल नक्षीने मढविण्याच्या मोहात पडण्याऐवजी ज्यांनी साधा, निर्मळ रेषांचा दस्ता करण्याचा संयम दाखविला, त्यांचेच काम पुढे पाहण्याजोगे होते. एक बाब मात्र निर्वाणीची आहे. ही शस्त्रे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूसाठीच असतात. आधुनिक धूररहित दारू त्यांत भरली तर नळी फुटून धरणाऱ्याचा हात किंवा जीव जाऊ शकतो. काळ्या दारूचे कीटही ओलावा शोषून लोखंड खाते, म्हणून बार केल्यानंतर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल देण्याचा दंडक आहे.

कायद्याचा भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय शस्त्र कायद्याने काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकांना बहुतांशी पुराणवस्तूंच्या वर्गात ठेवले असल्याने तेथे हा छंद वाढू शकला, जरी निरनिराळ्या राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून बंदूक घडविणे हा गुन्हा आहे, मग ती कितीही जुन्या धर्तीची असो. त्यामुळे आपल्या वाचकाला हा छंद दुरूनच पाहावयाचा आहे. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुका ज्या लोहारांनी आणि सुतारांनी आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या घडविल्या, त्यांची नावे फारशी मागे उरलेली नाहीत, आणि त्यांच्या हातांची रीत टिपून घेणारा कोणी गसलर आपल्याला लाभला नाही, याची मात्र मनापासून खंत वाटते.

पेनसिल्व्हेनियाचे जुने कारागीर पुष्कळदा नळीच्या वरच्या पैलूवर आपले नाव कोरीत. आजचे जबाबदार कारागीरही आपले नाव, आणि कित्येकदा साल, तेथेच कोरतात. हुबेहूब जुन्या दिसणाऱ्या नव्या रायफली अस्सल म्हणून विकल्या जाण्याचा धोका त्यांना ठाऊक आहे, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे श्रेय आपल्या हातून पुसले जाऊ नये याची त्यांना काळजी आहे.