जुना लॅपटॉप अपग्रेड करायचा की नवा घ्यायचा? चंद्रपूर-गडचिरोलीत आधी हे तपासा

घरून काम करताना लॅपटॉप हँग व्हायला लागला की नवा घ्यायचा विचार मनात येतो. पण अनेकदा एखादा पार्ट बदलूनही काम भागतं. मग ठरवायचं कसं?

नेमकं अडतंय कुठे?

लॅपटॉप स्लो झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर बॅकअप घेऊन एसएसडी बसवा. फरक लगेच जाणवतो. मेमरी कायम ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम कमी पडतेय. ब्राउझर, एक्सेल आणि व्हिडिओ कॉलसाठी किमान ८ जीबी हवी, १६ जीबी असेल तर उत्तम. काही स्लिम लॅपटॉपमध्ये मात्र रॅम वाढवता येत नाही. त्यामुळे आधी मॉडेलची माहिती पाहा.

नवा कधी घ्यावा?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि, इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा लॅपटॉप त्याहून जुना असेल, तर त्यावर जास्त खर्च करू नका.

उन्हाळ्याचं काय?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेले असतात. जास्त तापल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून फक्त उन्हाळ्यातच लॅपटॉप स्लो होत असेल, तर आधी फॅन साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, कूलरची ओली हवाही थेट लागू देऊ नका.

लाइट गेली तर?

लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण वायफाय राउटर बंद पडेल. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नसेल, तर ती बदला.

घेण्याआधी हे विचारा

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा भागात दुरुस्तीसाठी शहर गाठणं सोपं नाही. त्यामुळे ऑनसाइट वॉरंटी तुमच्या पिनकोडवर मिळते का, हे पैसे देण्याआधी कंपनीकडून पक्कं करून घ्या. पुढे रॅम आणि एसएसडी बदलता येईल, असंच मॉडेल निवडा.