मोठी बॅटरी म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे

मोठ्या बॅटरीचे ई-सिगारेट उपकरण जास्त वेळ चालते, म्हणून ते अधिक चांगले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मोठी बॅटरी अधिक विद्युतशक्ती पुरवू शकते. त्यामुळे आतील तार अधिक तापते, वाफ वाढते आणि एकाच झुरक्यात जास्त निकोटिन शरीरात जाऊ शकते. द्रव अतितप्त झाल्यास फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनेही तयार होतात.

या उपकरणांत लिथियम-आयन बॅटरी असते. सुटी बॅटरी खिशात नाणी किंवा किल्ल्यांसोबत ठेवल्यास शॉर्टसर्किट होऊन ती पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये व घरच्या कचऱ्यात टाकू नये.

भारतात २०१९ च्या कायद्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक व जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रेत्यास पहिल्या अपराधासाठी १ वर्षापर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मुलांकडे असे उपकरण आढळल्यास न रागावता त्यांच्याशी बोलावे. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. सुरक्षित पर्याय एकच: उपकरण लहान असो वा मोठे, ते वापरूच नये.