पेण-रोह्यातील हृदयविकार आणि वेळेचा हिशेब

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने अचानक बंद पडणे. धमनीच्या आत कोलेस्टेरॉलचे थर वर्षानुवर्षे साचत असतात आणि त्याचा पत्ताही लागत नाही. त्यातला एखादा थर फाटला की तिथे गुठळी धरते. त्यापुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा भरून येत नाही.

म्हणूनच रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्यात या आजाराचा विचार अंतरापासून करावा लागतो. बंद धमनी उघडणाऱ्या अँजिओप्लास्टीसाठी येथील रुग्णाला बहुधा पनवेल-नवी मुंबईकडे न्यावे लागते. रेल्वेमार्गाने पेण पनवेलपासून सुमारे ३५ किलोमीटर, तर रोहा सुमारे ७५ किलोमीटर. रस्त्याने जावे, तर मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्याचे २०११ मध्ये सुरू झालेले रुंदीकरण किती रखडले, हे येथील लोकांना सांगायला नको. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग रुग्ण पुढे पाठवावा, असा वैद्यकीय संकेत आहे. तेव्हा थेट मुंबई गाठण्याच्या घाईपेक्षा जवळच्या रुग्णालयात लगेच ईसीजी काढणे अधिक शहाणपणाचे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते.

बराचसा वेळ मात्र घरातच जातो. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम ही लक्षणे ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन अंगावर काढली जातात. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छाती न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवाही येऊ शकतो.

धमन्या खराब करणारी कारणे जगभर सारखीच आहेत: तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, बैठे जीवन. त्यांची रूपे मात्र स्थानिक असतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पेणचे नाव ज्या पापड-मिरगुंडांनी गाजवले, त्यांत मिठाबरोबर पापडखारातूनही सोडियम जाते. पावसाळ्यात ताटात खारवलेली मासळी आणि लोणचेही असले, तर ही मर्यादा एका जेवणातच संपू शकते. पापड सोडायला कोणी सांगत नाही. तो रोज दोन्ही वेळा नसावा, एवढेच. गणेशचतुर्थीच्या आधीचे काही महिने पेणचे गणेशमूर्तिकार तासन्‌तास बसून काम करतात, त्यांनी अधूनमधून उठून चालणे हेही औषधच. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांना धोका थोडा अधिक, कारण पाळीच्या कामाचा आणि हृदयविकाराचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मिश्रीला तर कोणी व्यसन म्हणतच नाही, पण तीही तंबाखूच आहे.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर उपचार लागतात आणि बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करता येत नाही. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. उपचारांच्या खर्चासाठी आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती वेगळ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही तिच्यात बसतात, मात्र रुग्णालय योजनेशी संलग्न असावे लागते.