महाभियोग : आधी पुरावा, मग मतांची मोजणी

अमेरिकेत अध्यक्षावर गंभीर आरोप झाले की विरोधी पक्षाच्या नेत्यांपुढे प्रश्न उभा राहतो : महाभियोग आणायचा का? बहुतेक नेते आधी सिनेटमधली मते मोजतात. हा क्रम चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रक्रिया

प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने दोषारोप मंजूर करते आणि खटला सिनेटपुढे चालतो. दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. राज्यघटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन अशी कारणे आहेत, पण यातल्या शेवटच्या कारणाची व्याख्या कुठेच नाही. त्यामुळे निर्णय येतो तो बहुमतातल्या पक्षाच्या नेत्यांवर. आपल्याकडे राष्ट्रपतींसाठी कलम ६१ आहे. तिथे घटनेचा भंग हे एकच कारण चालते. त्याचा वापर आजवर झालेला नाही.

१९७४ : मते फिरली कशी?

फेब्रुवारी १९७४ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या महाभियोगाच्या चौकशीला प्रतिनिधीगृहाने ४१० विरुद्ध ४ मतांनी अधिकार दिला. तेव्हा सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते जमतील अशी चिन्हे नव्हती. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष पीटर रोडिनो यांनी घाई केली नाही. महिनोन्‌महिने कागदपत्रे तपासली गेली. जुलैअखेरीस पहिला दोषारोप २७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला, तेव्हा बाजूने मत देणाऱ्यांत निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सहा जण होते.

त्याआधी तीनच दिवस सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांना व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचा आदेश दिला होता. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ चे संभाषण जाहीर झाले : डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतल्या कार्यालयात झालेल्या घुसखोरीचा एफबीआय तपास सीआयएला पुढे करून थांबवायची योजना, खुद्द अध्यक्षांच्या तोंडून. दोनच दिवसांनी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि सिनेटमध्ये आधार उरलेला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. फेब्रुवारीतली मते मोजून कुणी गप्प बसले असते, तर यातले काहीच घडले नसते.

१९९८ : उलटा धडा

डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी शपथेवर खोटे सांगितले, हे लहान पाप नव्हे. पण मूळ प्रकरण खासगी संबंधांचे होते आणि लोकांना ते पद काढून घेण्याइतके मोठे वाटले नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिपब्लिकनांच्याच जागा घटल्या आणि सभापती न्यूट गिंग्रिच यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. तरीही डिसेंबरमध्ये महाभियोग रेटला गेला. सिनेटमध्ये एकाही आरोपावर साधे बहुमतसुद्धा मिळाले नाही.

पेलोसी आणि २०१९

अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यावर महाभियोग आणणार नाही, हे प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी यांनी २००६ मध्येच सांगून टाकले होते. मार्च २०१९ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याबाबतही त्यांनी नकारच दिला. पण ट्रम्प यांनी युक्रेनची लष्करी मदत अडवल्याचे प्रकरण बाहेर आल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी चौकशी जाहीर केली. भूमिका बदलली ती पुराव्यामुळे, आणि ते योग्यच झाले.

चूक झाली ती पुढे. ट्रम्प यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांच्या साक्षीसाठी न्यायालयात लढण्याऐवजी डिसेंबरमध्येच प्रतिनिधीगृहात मतदान उरकले गेले. जानेवारीत नवे साक्षीदार बोलावण्याचा प्रस्ताव सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला, आणि ज्यांनी पडद्यामागचे व्यवहार जवळून पाहिले होते त्यांचे म्हणणे न ऐकताच खटला संपला.