उडी मारू नका, धरून बसा

वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या मातीतून जातो. पावसात ही माती फुगते, उन्हात भेगाळते. बांधकामावर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टला अशी जमीन मानवत नाही.

चाकं चार दिसली तरी तिचा तोल तीनच बिंदूंवर असतो: पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मध्य. ओझं उंच उचलून वळलं, की गुरुत्वमध्य या तीन बिंदूंच्या त्रिकोणाबाहेर जाऊ शकतो आणि गाडी उलटते. रिकामी गाडीही वेगात वळताना उलटू शकते, हे बऱ्याच जणांना पटत नाही!

गाडी उलटताना घाबरून उडी मारणारा चालक बहुधा तिच्या लोखंडी छताखालीच सापडतो. सीटचा पट्टा बांधलेला असावा. स्टिअरिंग घट्ट धरून पडत्या बाजूच्या विरुद्ध झुकावं.

पट्ट्याविना काय होतं, ते टिप्परनेही दाखवलं: बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडजवळ २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाचे मजूर आणि सळ्या एकत्र नेणारा टिप्पर उलटला. १३ जण गेले. मालाच्या हौद्यात पट्टा नसतोच.