उघड्यावरचा तारपा, पेटीतला घुमट

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात तारपा वाजतो तो मोकळ्या आभाळाखाली. पोशेऱ्याच्या आसपासच्या वारली पाड्यांवर तारपावाला मधोमध उभा राहतो आणि एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यावर हे वाद्य उभे असते. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाल्यावर शहरी कानांचे लक्षही तारप्याकडे वळले. असे वाद्य स्टुडिओत ध्वनिमुद्रित होते तेव्हा माइक जवळ असतो आणि भिंतींवर आवाज शोषणारे गादीपट्टे असतात. मुद्रण स्वच्छ होते, पण त्यातली जागा हरवते. ती परत द्यायचे काम मिक्सिंग करणाऱ्यावर येते आणि तिथे रिव्हर्बचे यंत्र लागते. १९७०-८०च्या दशकांतली जुनी डिजिटल रिव्हर्ब यंत्रे सध्या पुन्हा मागणीत आहेत. ती घ्यावीत का आणि घ्यायची तर कोणती? माझे म्हणणे असे की, खऱ्या जागेची हुबेहूब नक्कल हवी म्हणून जुने यंत्र घेणे चूक आहे. त्याचा स्वतःचा एक ठाम स्वभाव असतो, आणि आपल्या संगीताला तो स्वभाव मानवत असेल तरच ते घ्यावे.

आधी रिव्हर्ब म्हणजे काय ते पाहू. गाभाऱ्यात टाळी वाजवली की भिंतींवरून परतलेले हजारो आवाज एकमेकांत मिसळून हळूहळू विरत जातात. वेगळा ऐकू येतो तो प्रतिध्वनी. असा सलग विरत जाणारा तो रिव्हर्ब. हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९०च्या दशकात त्याचे गणित मांडले. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि खोलीतल्या एकूण शोषणाबरोबर घटतो. १०,००० घनमीटरच्या सभागृहात शोषण ८०० चौरस मीटरइतके असेल, तर हा वेळ साधारण २ सेकंद येतो. मोकळ्या मैदानात भिंतीच नाहीत. बाहेर गेलेला आवाज जवळजवळ परतत नाही. म्हणजे तारप्याची मूळ जागा ही अक्षरशः रिव्हर्ब नसलेली जागा आहे. धवलेरी, म्हणजे लग्नविधीची गाणी गाणाऱ्या वारली बायका, लग्नात गातात तेव्हा भोवती कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती असल्या तर त्याही दगडी मंडपासारख्या घुमत नाहीत.

यंत्रांचा इतिहासही या प्रश्नावर प्रकाश टाकतो. १९५७मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने टांगलेल्या पोलादी पत्र्याच्या कंपनांतून रिव्हर्ब काढणारे यंत्र बाजारात आणले. पण ते अवजड होते आणि त्याला वेगळी खोली लागे. बेल प्रयोगशाळेतल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, आवाज आकड्यांत बदलून, तो थोडा उशिरा परत फिरवून आणि पुन्हा पुन्हा स्वतःत मिसळून कृत्रिम रिव्हर्ब तयार करता येतो. ते प्रत्यक्ष पेटीत उतरायला १९७६ साल उजाडले. त्या वर्षीचे ईएमटी २५० हे बॅरी ब्लेसर यांच्या कामावर उभे होते. १९७८मध्ये डेव्हिड ग्रीझिंगर यांचे लेक्सिकॉन २२४ आले, पुढे इंग्लंडमधून एएमएस आरएमएक्स १६ आणि १९८६मध्ये लेक्सिकॉन ४८०एल. यामाहाच्या एसपीएक्स ९०ने त्याच दशकात ही सोय लहान स्टुडिओंच्या आवाक्यात आणली.

या सगळ्यांची खरी गोष्ट तुटवड्याची आहे. तेव्हा मेमरी महाग होती आणि गणन संथ. सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे यावर मर्यादा होती, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून वरच्या कंप्रता यंत्रात शिरूच शकत नाहीत. एसपीएक्स ९० सेकंदाला ३१,२५० नमुने घेई आणि त्याचा रिव्हर्ब १२ किलोहर्ट्झच्या वर जात नसे. कागदावर हा दोष दिसतो. पण मोठ्या जागेतही हवा आणि भिंती तीव्र कंप्रता आधी गिळतात, त्यामुळे विरत जाणारा आवाज मूळ आवाजापेक्षा मऊ असतो. म्हणून या यंत्रांची शेपटी, म्हणजे मूळ आवाजामागे विरत जाणारा रिव्हर्ब, गायकाच्या ‘स’ आणि ‘श’वर फारशी स्वार होत नाही, मागच्या रांगेत गुमान बसते. थोड्या मेमरीत घुमवलेल्या आवाजाला धातूसारखी खणखण येते. ती लपवण्यासाठी लेक्सिकॉनच्या यंत्रांत विलंबाचा काळ सतत किंचित हलता ठेवला जाई. त्या हालचालीमुळे शेपटीला हलका झुलावा येतो. अनेकांना लेक्सिकॉन आवडते ते याच झुलाव्यासाठी. अभियंत्यांनी अडचणीतून काढलेली वाट पुढे त्या यंत्राची ओळख झाली.

मग निवड कशावर ठरते? समोरच्या आवाजावर. तारप्यात एक नळी सूर फिरवते, दुसरी आधाराचा सूर धरून ठेवते. नाद सहसा तुटत नाही. रिव्हर्बची शेपटी ऐकू येते ती आवाज थांबतो तेव्हा. अखंड नादावर तीन सेकंदांचा रिव्हर्ब घातला तर घुमट ऐकू येत नाही, सुरांच्या कडा मात्र पुसट होतात. तिथे हवी ती पहिली काही परावर्तने, अगदी आखूड शेपटी, आणि नाचणाऱ्यांच्या पावलांच्या ठेक्याला थोडी जागा. उलट भावगीतातल्या गायकाच्या दोन ओळींमध्ये विसावा असतो. लेक्सिकॉनची झुलती शेपटी त्याच मोकळ्या जागेत फुलते. ढोलकीच्या थापेला आणखी वेगळे काही मानवते. आरएमएक्स १६मधली ‘नॉनलिन’ ही रचना सावकाश विरत जात नाही, झटकन कापली जाते. निसर्गात अशी जागा नसते, तरी १९८०च्या दशकातल्या ड्रमच्या आवाजावर अशा कापलेल्या रिव्हर्बचा ठसा आहे. एकच पेटी या तिन्ही कामांना सारखीच लागू पडेल असे समजणे व्यर्थ आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सगळे आता सॉफ्टवेअरमध्ये मिळते. आक्षेप वजनदार आहे. युनिव्हर्सल ऑडिओने लेक्सिकॉन २२४ची सॉफ्टवेअर आवृत्ती मूळ यंत्राच्याच गणनरीतीवर उभी केली आहे. खऱ्या देवळाची किंवा सभागृहाची प्रतिमा हवी असेल, तर तिथे नोंदलेल्या प्रतिसादावर चालणारे सॉफ्टवेअर कोणत्याही जुन्या पेटीला मागे टाकते. शिवाय सॉफ्टवेअरची सेटिंग सहा महिन्यांनी जशीच्या तशी उघडते. पेटीच्या बाजूने उरतात दोन गोष्टी: तिच्या आतबाहेरच्या विद्युतमंडलांमुळे आवाजाला येणारा पोत, आणि मोजक्या बटणांमुळे लवकर घ्यावा लागणारा निर्णय. शंभर पर्याय चाळत बसण्यापेक्षा दहांतून एक निवडणे कामाला गती देते. हा फायदा खरा आहे, पण तो दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठा आहे का, हे प्रत्येक स्टुडिओने स्वतः मोजावे.

तो खर्च आपल्याकडे किरकोळ नसतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात वीजपुरवठ्याचे कपॅसिटर सुकलेले असतात, सेटिंग जपणारी बॅटरी गळून सर्किट खाते, मेमरीची एखादी चिप बिघडली की शेपटीत कटकट ऐकू येते. अमेरिकेतून आलेली पेटी ११७ व्होल्टची असेल तर ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येत नाही. कोकण आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यातली दमट हवा जोडण्यांवर गंज चढवते. म्हणून घेण्याआधी यंत्र तासभर तापू द्यावे, शांततेत त्याची खरखर ऐकावी, एकच कोरडी थाप सोडून शेपटी अखेरपर्यंत विरते का पाहावे. मोठ्या लेक्सिकॉनचा वेगळा नियंत्रणफलक शाबूत आहे का आणि सुटे भाग कुठून येणार, हेही आधी विचारावे.

दुसरा आक्षेप श्रोत्याचा: लोक गाणी मोबाइलवर ऐकतात, त्यांना हा फरक कळणार कसा? मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज जातो, पण रिव्हर्बचा बराचसा भाग मधल्या पट्टीत असतो आणि तो टिकतो. इअरफोनमध्ये तर तो जास्तच उघडा पडतो. फरक कोणत्या कंपनीचा, हे श्रोत्याला कळणार नाही. तारपा अंगणात वाजतोय की बोगद्यात, हे मात्र कळेल. म्हणून क्रम असा असावा: आधी आवाजाला कोणती जागा द्यायची ते ठरवावे, ती सॉफ्टवेअरमध्ये आजमावावी, आणि एखाद्या जुन्या यंत्राचा स्वभाव कामात वारंवार लागतो असे दिसले तरच तेवढे एक, दुरुस्त होऊ शकणारे यंत्र घ्यावे. लोकसंगीताचे मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओने तर त्याआधी चांगल्या माइकांवर आणि गावात जाऊन मुद्रण करण्यावर पैसे घालावेत. अंगणाची हवा मुद्रणातच आली, तर तिच्यावर पेटीतला घुमट चढवण्याची गरज बहुधा उरत नाही.