लॉगिन होत नाही म्हणून नवा मेल आयडी : एक महागडा गैरसमज

नव्या संगणकावर खात्यात प्रवेश मिळाला नाही, की जुने खाते गेले असे समजून तिथल्या तिथे नवा मेल आयडी काढावा, हा सल्ला पुणे-सातारा महामार्गावरील शिवऱ्यापासून वेल्ह्याच्या डोंगराळ वाड्यांपर्यंत सर्रास दिला जातो. विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा-अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यामुळे जुनी यंत्रे बदलली जात आहेत आणि त्याबरोबर हा सल्लाही पुन्हा पुन्हा कानी येतो. मात्र त्यातून मूळ अडचण सुटत नाही, उलट तिच्यात नव्या अडचणींची भर पडते.

खाते संगणकात नसते, ते संबंधित कंपनीच्या सर्व्हरवर असते. म्हणून समोरच्या यंत्राने पासवर्ड नाकारला एवढ्यावरून खात्याविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही. तोच आयडी आणि तोच पासवर्ड मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकून पाहावा. तिथे खाते उघडले, तर दोष खात्यात नसून यंत्राच्या मांडणीत आहे, आणि तसे असेल तर पहिला संशय कीबोर्डवर घ्यावा. संगणक सुरू करताना मराठी भाषा निवडली की कीबोर्डही मराठी होऊ शकतो. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत रोमन 'के'च्या कळीवर 'क' उमटतो, परंतु पासवर्डच्या चौकटीत केवळ ठिपके दिसत असल्याने टंकणाऱ्याला ते कळत नाही, आणि पाठ असलेला पासवर्ड दहा वेळा टाकूनही दहाही वेळा चुकीचाच ठरतो. चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबले तर खरी अक्षरे दिसतात आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबले तर मांडणी बदलते. एवढ्या साध्या तपासणीआधीच खाते हॅक झाल्याचे घरभर जाहीर केले जाते, हे खेदजनक आहे.

दुसरा संशय घड्याळावर घ्यावा. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवते. या प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते, त्यामुळे संगणकाची तारीख काही वर्षे मागे असेल तर वैध प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटते व जोडणी तुटते. गोदामात दीर्घकाळ पडून राहिलेल्या किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्राची आतली बॅटरी उतरलेली असल्यास हे घडते. याहून फसवा प्रकार वेळक्षेत्राचा आहे: यंत्रावर अमेरिकेची पॅसिफिक प्रमाणवेळ तशीच राहिली आणि वापरणाऱ्याने केवळ तास-मिनिटे हाताने बदलून भारतीय वेळ दाखवली, तर पडद्यावरचे घड्याळ बरोबर दिसते, पण आतील जागतिक वेळ हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांनी चुकलेली असते. म्हणून आधी वेळक्षेत्र दुरुस्त करावे आणि वेळ त्यानंतर.

या दोन्ही तपासण्या टाळून नवे खाते उघडण्याची किंमत पुढे कळते. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिला प्रवेश होताच डिस्कवरील माहिती आपोआप कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी होते, आणि तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली त्याच खात्यात साठवली जाते. हरवलेली किल्ली आपल्यालाही पुन्हा देता किंवा तयार करता येत नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या मदतपृष्ठावर स्पष्ट लिहिलेले आहे. घाईत काढलेल्या आयडीचा पासवर्ड विसरला, किंवा दुकानदाराने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर खाते उघडून दिले, तर मुलांचे प्रकल्प, सातबाऱ्याच्या प्रती आणि लग्नाची छायाचित्रे ज्या किल्लीने उघडायची, ती किल्लीच मालकाच्या हाती राहत नाही. संगणकाबरोबर मिळालेले ऑफिसही ज्या खात्यावर सक्रिय केले त्यालाच जोडलेले राहते. दुकानातून तयार होऊन येणारा संगणक ही सोय वाटत असली, तरी खाते मालकाच्या क्रमांकावर आणि त्याच्यासमोरच उघडले गेले पाहिजे.

बंद पडलेले सिमकार्ड कायम आपलेच राहते, हाही भ्रम आहे: ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितल्याप्रमाणे बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, म्हणजेच त्यानंतर दिला जाऊ शकतो आणि खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. जुन्या लॅपटॉपचा पिन नव्यावर चालत नाही, यात बिघाड नाही, कारण पिन केवळ त्या यंत्रापुरता असतो. रेंज नसेल तर प्रवेशाचा कोड मिळणारच नाही, हेही खरे नाही; ऑथेंटिकेटर ॲप आधीच खात्याला जोडलेले असेल, तर २०११ च्या आरएफसी ६२३८ या मानकानुसार ते गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांवरून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा कोड फोनवरच तयार करते, मात्र फोनची वेळ अचूक हवी. इंटरनेटवर शोधून सापडलेला प्रत्येक 'कस्टमर केअर' क्रमांक कंपनीचाच असतो, हे मानणे तर सर्वांत घातक आहे; फोनवर ओटीपी मागणारा माणूस मदतनीस नसतो, आणि पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मोबाइलवरही पासवर्ड चालला नाही, तरच तो बदलण्याची प्रक्रिया सुरू करावी. मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले सर्व क्रमांक आणि मेल एकदम बदलले, तर ३० दिवस थांबावे लागते. हा विलंब खातेदाराच्या संरक्षणासाठीच ठेवलेला आहे, आणि जुना क्रमांक अजून चालू असेल तर त्यावरच आधी प्रयत्न केल्यास तो टळतो.